जुन्या ऑटोमॅटिक गाडीत कोणतं एटीएफ घालावं?

चाळीसगावहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. २००९ची होंडा सिव्हिक ऑटोमॅटिक, सेकंडहँड घेतलेली, मीटरवर १ लाख २८ हजार किमी. आधीच्या मालकाने गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं, त्याची नोंद नाही. गाडीच्या पुस्तकात एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) झेड-१ लिहिलंय, ते आता कुठे मिळत नाही. जळगावात एक दुकानदार डेक्सरॉन ३ (जनरल मोटर्सच्या मानकाचं तेल) दाखवतो, दुसरा ‘मल्टी-व्हेइकल’ सिंथेटिक पुढे करतो, आणि गॅरेजवाल्याचं म्हणणं, ‘भाऊ, लाल तेल सगळं एकच, कोणतंही टाका.’ कन्नड घाट चढताना दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना झटका बसतो. तर तेल कोणतं घालू, आणि मशिनने फ्लश (दाबाने सगळं तेल एकदम बदलणं) करून घेऊ का?

सिव्हिकपुरतं उत्तर आधी देऊन टाकतो: होंडाचं डीडब्ल्यू-१. झेड-१ बंद करताना होंडाने स्वतःच त्याची जागा डीडब्ल्यू-१ला दिली आणि झेड-१ लागणाऱ्या जुन्या गिअरबॉक्समध्ये ते चालतं असं जाहीर केलं. ज्याने गिअरबॉक्स बनवला तोच वारस नेमतो, तेव्हा वाद उरत नाही. फ्लश करू नका, साधं काढा-भरा तीनदा करा. झटका मात्र तेलाचाच आहे असं धरून चालू नका, त्याकडे शेवटी येतो.

आता गॅरेजवाल्याच्या ‘लाल तेला’कडे. खान्देशात ऑइलच्या दुकानात फळीवर जे लाल तेल सहज मिळतं, ते बहुतेक वेळा ट्रक आणि ट्रॅक्टरच्या पॉवर स्टिअरिंगसाठी आणलेलं असतं. डब्याच्या मागे बारीक अक्षरात ‘टाइप ए सफिक्स ए’ किंवा ‘डेक्सरॉन २’ असं काहीतरी सापडेल. टाइप ए सफिक्स ए हे जनरल मोटर्सचं १९५७चं मानक आहे. केळीच्या ट्रकच्या स्टिअरिंगला ते तेल उत्तम, कारण तिथे फक्त पंप फिरवायचा आणि दाब पोचवायचा असतो. तुमच्या गिअरबॉक्समध्ये त्याच तेलाला क्लच पकडायचाही असतो, आणि तुमच्या क्लचला लागणारं घर्षण त्याला कोणी शिकवलेलं नाही. दुकानदार खोटं बोलत नसतो. त्याच्याकडे येणाऱ्या शंभरातल्या नव्वद गिऱ्हाइकांना तेच तेल हवं असतं.

लाल रंग हा निव्वळ रंग आहे. गळती झाली तर इंजिन ऑइल गळतंय की गिअरबॉक्स, हे कळावं म्हणून घातलेला. बीएमडब्ल्यूच्या जुन्या, झेडएफ या जर्मन कंपनीच्या गिअरबॉक्समध्ये लागणारं एस्सो एलटी ७११४१ पिवळसर असतं, निसानचं सीव्हीटीचं (पट्टा-पुलीच्या ऑटोमॅटिकचं) तेल एनएस-२ हिरवं असतं. रंग जुळला म्हणून तेल जुळलं असं होत नाही.

तेलं वेगळी का, याचं मूळ घर्षणात आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटवर कागदासारख्या मटेरियलचं अस्तर असतं आणि ते कायम तेलात भिजलेलं असतं. गिअर बदलताना दोन प्लेट वेगवेगळ्या वेगाने फिरत असतात, दाब आला की घसरत घसरत एकत्र येतात. घसरताना पकड किती आणि थांबायच्या क्षणी किती, यातला फरक तेलातले फ्रिक्शन मॉडिफायर ठरवतात. थांबण्याच्या क्षणी पकड एकदम वाढली तर गिअर ‘धप्प’ करून लागतो. पकड कमी पडली तर गिअर गुळगुळीत लागतो, ड्रायव्हर खूश होतो, पण प्लेट जास्त वेळ घासत राहतात आणि आतून जळतात. म्हणून ‘तेल बदलल्यावर गाडी किती स्मूथ झाली’ ही पावती मी फारशी मानत नाही.

इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर, आणि वेग आला की दोघांना थेट जोडतो तो लॉकअप क्लच. चुकीच्या तेलाची पहिली तक्रार बहुधा तिथून येते. सपाट रस्त्यावर, समजा पारोळा-एरंडोल पट्ट्यात, ६० ते ८०च्या वेगाने ॲक्सिलरेटर हलका दाबून ठेवलाय आणि गाडी दोन-तीन सेकंद अशी थरथरते की खडबडीत पट्ट्यावरून चाक गेलं असं वाटतं. पाय थोडा उचलला किंवा जास्त दाबला की थांबते. लोक टायर बॅलन्सिंग करून घेतात, टायरवाला दोनदा वजनं लावतो, थरथर तशीच. ती लॉकअप क्लचच्या पकड-सोड-पकडची थरथर असते. जुन्या, घर्षणगुण संपलेल्या तेलानेही ती येते, म्हणून योग्य तेल दोन-तीनदा बदलल्यावर पुष्कळदा जाते.

दुसरी गोष्ट पातळपणा. १०० अंशांवरची व्हिस्कॉसिटी सेंटीस्टोकमध्ये मोजतात. डेक्सरॉन ३ पिढीची तेलं, टोयोटाचं टी-४, ह्युंदाई-मित्सुबिशीचं एसपी-३ ही साधारण ७च्या आसपास असतात. डेक्सरॉन ६ला वरची मर्यादाच ६.४ आहे. टोयोटाचं डब्ल्यूएस तर साडेपाचच्या आसपास. इंधन वाचावं म्हणून नव्या गिअरबॉक्ससाठी तेलं पातळ होत गेली आणि पंप, सील, व्हॉल्व्ह बॉडीतल्या (तेलाचा दाब त्या त्या क्लचकडे वळवणाऱ्या भागातल्या) फटी त्याप्रमाणे बसवल्या गेल्या. जुन्या, झिजलेल्या गिअरबॉक्समध्ये पातळ तेल घातलं तर मे महिन्यात भुसावळच्या उन्हात दाब कमी पडतो आणि डी टाकल्यावर गाडी एक सेकंद विचार करून निघते. उलटही घातक. डब्ल्यूएसच्या गिअरबॉक्समध्ये जाड तेल घातलं तर सोलेनॉइडची (तेलाची वाट उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हची) वेळ चुकते. टोयोटाने डब्ल्यूएस आणि टी-४ एकमेकांच्या जागी चालत नाहीत असं स्पष्ट सांगितलंय. नवं म्हणजे जुन्याला चालेलच, हा समज इथे फसतो.

जनरल मोटर्सचं मात्र उलट आहे. डेक्सरॉन ६ २००५ मध्ये आलं, ते आपल्या जुन्या गिअरबॉक्समध्येही चालतं असं कंपनीने सांगितलं, आणि २००६ अखेर डेक्सरॉन ३चे परवाने थांबवले. याचा एक व्यवहारी अर्थ असा, की आज दुकानात दिसणाऱ्या डेक्सरॉन ३च्या डब्यामागे जनरल मोटर्सची तपासणी नाही. उत्पादक आपल्या जबाबदारीवर ते नाव छापतो. चांगल्या कंपनीचं असेल तर ठीकच असतं, पण मग विश्वास मानकावर नसून त्या उत्पादकावर आहे, हे लक्षात ठेवा. नव्वदच्या दशकातल्या आणि त्यानंतरच्या काही होंडा गाड्यांच्या पुस्तकातही डेक्सरॉन तात्पुरता पर्याय म्हणून दिलेला असे. त्यातला ‘तात्पुरता’ हा शब्द लोक वाचत नाहीत.

तुमच्याकडे सिव्हिक आहे, पण हा प्रश्न वेगवेगळ्या गाड्यांचे मालक विचारतात, म्हणून आपल्या भागात सेकंडहँड बाजारात दिसणाऱ्या इतर गाड्यांचंही सांगतो. मारुतीच्या जुन्या झेन आणि एस्टीम ऑटोमॅटिकचे तीन गिअरचे गिअरबॉक्स डेक्सरॉन २-३च्या पिढीतले आहेत. त्यांना चांगल्या कंपनीचं डेक्सरॉन ३ दर्जाचं तेल खुशाल घाला, तिथे महाग सिंथेटिकचा हट्ट नको. ह्युंदाईच्या ॲक्सेंट, जुनी व्हर्ना, आय-१० यांच्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकला एसपी-३ लागतं. नंतरच्या सहा गिअरना एसपी-४. ही दोन नावं सख्ख्या भावांसारखी वाटतात, पण अदलाबदल करू नका. जुन्या कोरोला आणि कॅमरीला टी-४, पुढच्या मॉडेलना डब्ल्यूएस, आणि मधल्या वर्षांत पुस्तक किंवा गेजवरची (तेलाची पातळी बघायच्या पट्टीवरची) अक्षरं पाहिल्याशिवाय काहीच ठरवू नये. आयसिन कंपनीचे गिअरबॉक्स अनेक युरोपियन गाड्यांतही आहेत. त्यांचं जुनं मानक जेडब्ल्यूएस ३३०९, आणि टोयोटाचं टी-४ त्याच कुळातलं. म्हणून फोक्सवॅगनच्या सहा गिअरच्या आयसिन ऑटोमॅटिकचं महागडं तेल मिळेना, तर ३३०९ला पुरं पडणारं तेल शोधलं तरी काम होतं. मर्सिडीजच्या पाच गिअरच्या ७२२.६ला कंपनीची २३६.१० ही मंजुरी होती, पुढे २३६.१४ आली आणि ती जुन्यालाही लागू आहे. त्या गिअरबॉक्समध्ये मात्र तेलाआधी तेरा पिनांच्या कनेक्टरची रबरी रिंग बघा. ती झिरपली की तेल वायरिंगमधून चढत थेट कंट्रोल युनिटपर्यंत पोचतं.

यापेक्षा मोठी चूक वेगळीच होते. लोक ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात, पण गाडीत एटीएफ लागतच नाही. होंडा सिटी झेडएक्सच्या ऑटोमॅटिकमध्ये सीव्हीटी आहे, त्यात पोलादी पट्टा दोन पुलींमध्ये फिरतो. तिथे धातूवर धातूची पकड हवी, आणि ती नेमकी किती हवी ते तेल ठरवतं. भलतं एटीएफ गेलं की पट्टा घसरतो, पुलीवर ओरखडे पडतात, मग गिअरबॉक्स बदलण्याशिवाय इलाज नाही. अशा गाडीला पुस्तकात लिहिलंय तेच, पर्याय शोधायचा नाही. स्कोडा लॉराच्या डिझेल डीएसजीला (दोन क्लचच्या ऑटोमॅटिकला) डीएसजीचंच तेल लागतं, सहा गिअरच्या ओल्या क्लचच्या डीएसजीत ते दर ६०,००० किमीला फिल्टरसह बदलायचं असतं. आणि सेलेरिओसारख्या एएमटी गाड्या म्हणजे आतून मॅन्युअल गिअरबॉक्सच. तिथे गिअर ऑइल वेगळं आणि क्लच-गिअर हलवणाऱ्या ॲक्चुएटरचं हायड्रॉलिक तेल वेगळं. त्यात एटीएफ ओतणं म्हणजे देवाला सोडून पुजाऱ्याला नैवेद्य.

आता डब्यावरची भाषा. ‘अप्रूव्ह्ड’ किंवा परवाना क्रमांक असेल तर गाडी किंवा गिअरबॉक्स बनवणाऱ्याने तेल तपासलंय. ‘मीट्स’ म्हणजे तेल बनवणारा म्हणतो की आम्ही त्या चाचण्यांत बसतो. ‘सूटेबल फॉर’ किंवा ‘रेकमेंडेड फॉर’ म्हणजे आमच्या मते चालेल. तिन्ही शब्द डब्यावर सारख्याच ठळक अक्षरात असतात. मल्टी-व्हेइकल तेलाच्या मागे तीस-चाळीस नावांची यादी असते आणि ती जवळजवळ सगळी तिसऱ्या प्रकारातली. त्यामुळे मी यादी वाचायच्या आधी त्या तेलाची डेटाशीट मोबाइलवर उघडतो आणि एकच आकडा बघतो, १०० अंशांवरची व्हिस्कॉसिटी. ७च्या आसपास असेल तर ते जुन्या पिढीसाठी बनवलेलं मल्टी-व्हेइकल आहे. ६ किंवा खाली असेल तर नव्या पिढीसाठी. टी-४ आणि डब्ल्यूएस दोन्ही एकाच यादीत ठोकून दिलेले दिसले, की दोघांपैकी एकाच्या बाबतीत तरी तडजोड झालेली आहे, एवढं त्या डब्यानेच कबूल केलेलं असतं.

म्हणजे मल्टी-व्हेइकल वाईटच का? नाही. एसपी-३, टी-४, डेक्सरॉन ३ यांच्या पिढीतल्या जुन्या गिअरबॉक्सला, नामांकित कंपनीचं, योग्य व्हिस्कॉसिटीचं मल्टी-व्हेइकल मी बिनदिक्कत घालतो. मूळ तेल मिळायला पंधरा दिवस लागणार असतील आणि आतलं तेल काळं पडलं असेल, तर चांगलं मल्टी-व्हेइकल आज घालणं हे मूळ तेलाची वाट बघत जळक्या तेलावर गाडी चालवण्यापेक्षा बरं. होंडाच्या बाबतीत मात्र मी मूळ तेलाकडेच झुकतो. होंडाच्या त्या पिढीच्या ऑटोमॅटिकची घडण इतरांसारखी नाही. मॅन्युअलसारखे समांतर शाफ्ट आणि प्रत्येक गिअरला स्वतःचा क्लच. एक क्लच सुटतो नि दुसरा धरतो, त्या क्षणाची वेळ तेलाच्या घर्षणावर बेतलेली असते. शिवाय सिव्हिकला एका वेळी लागतं अडीच लिटरच्या आत. वाचणारे पैसे त्या जोखमीच्या मानाने किरकोळ आहेत.

घेताना सीलबंद डबाच घ्या, सील आणि बॅच नंबर बघा. ड्रममधून मोजून दिलेलं सुटं तेल, किती का स्वस्त असेना, ऑटोमॅटिकला नको. ‘झटका घालवणारी ट्रीटमेंट’ म्हणून छोट्या बाटल्या विकतात, त्याही नकोत. तेलात घर्षणाचा जो तोल साधलेला असतो, तो त्या बाटलीने बिघडतो.

तेल बदलायच्या आधी आहे ते तेल वाचा. गेज पुसून परत घाला, बाहेर काढा आणि एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकून पाच मिनिटं ठेवा. तपकिरी लाल, कडेला फिकट वर्तुळ, वास तेलाचाच, म्हणजे जुनं आहे पण ठीक आहे. मधोमध काळा ठिपका तसाच बसून राहिला आणि वास जळक्या पोळीसारखा आला, तर क्लचचं अस्तर झिजून तेलात उतरलंय. उन्हात धरल्यावर चमचमणारे कण दिसले तर धातू झिजतोय. आणि तेल गुलाबी, दुधाळ दिसलं, सरबतात दूध ओतल्यासारखं, तर थांबा. त्यात पाणी आहे.

हे पाणी आपल्याकडे कुठून येतं ते सांगण्यासारखं आहे. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल थंड करणारा कूलर रेडिएटरच्या टाकीतच बसवलेला असतो. कूलंट कमी झालं की वरून बोअरचं पाणी ओतायची आपल्याकडे सवय. ते क्षारयुक्त. चार-पाच उन्हाळे असं झालं की रेडिएटरच्या आत थर बसतो, कूलरचा पातळ पत्रा खातो, आणि एक दिवस कूलंट तेलात मिसळतं. पाण्याने क्लचचं कागदी अस्तर आणि त्याचा गोंद दोन्ही सुटतात. अशा वेळी तेल कोणतं घालू, हा प्रश्नच नाही. आधी रेडिएटर बदला, मग तेल वारंवार बदलून बघा, आणि तरीही गिअरबॉक्स वाचेल याची खात्री धरू नका. रेडिएटरमध्ये तयार कूलंट किंवा डिस्टिल्ड वॉटर, एवढं पाळलं तरी हा आजार टळतो.

तुमचं तेल तपकिरी आणि वास साधा असेल असं धरून पुढची कृती सांगतो. आठ लिटर डीडब्ल्यू-१ आणि ड्रेन प्लगचे १८ मिमीचे तीन ॲल्युमिनियम वॉशर आणा. वॉशर दर वेळी नवा, कारण तो दाबून बसतो आणि जुना झिरपतो. गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून तेल कोमट करा, सपाट जागी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. गिअरबॉक्सच्या ड्रेन प्लगला चौकोनी भोक असतं, त्यात तीन सुती (३/८ इंची) रॅचेटचं टोक थेट बसतं. इंजिन ऑइलचा प्लग बाहेरून सहा कोनी असतो. ही खूण पक्की ध्यानात ठेवा. इंजिन ऑइल बदलायला गेलेल्या माणसाने चुकून गिअरबॉक्सचं तेल सोडायचं आणि वरून इंजिनमध्ये आणखी चार लिटर भरायचं, हा प्रकार होंडाच्या बाबतीत नेहमीचा आहे.

प्लगच्या टोकाला चुंबक असतं. त्यावर करडी, मऊ पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज आहे, पुसून टाका. बोटाला टोचणारी चकती किंवा दाताचा तुकडा सापडला तर पुढचे पैसे तेलावर खर्च करू नका. निघालेलं तेल पाण्याच्या रिकाम्या एक लिटरच्या बाटल्यांत भरून मोजा. सिव्हिकमधून साधारण २.४ लिटर निघतं. प्लग नवा वॉशर घालून ४९ न्यूटन-मीटरला आवळा. बॉडी ॲल्युमिनियमची आहे, हाताच्या जोराने ‘अजून थोडं’ केलं की आटे जातात. मग गेजच्या भोकातून, लांब नळी लावलेल्या स्वच्छ नरसाळ्याने, जेवढं निघालं तेवढंच भरा. नरसाळं पुसायला धाग्याचं फडकं वापरू नका, एक धागा सोलेनॉइडची जाळी अडवायला पुरेसा असतो.

ब्रेक दाबून सिलेक्टर प्रत्येक जागी दोन-तीन सेकंद थांबवत फिरवा. इंजिन रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत तापू द्या. सपाट जागी इंजिन बंद करा आणि ६० ते ९० सेकंदांच्या दरम्यान गेज बघा. पातळी वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये हवी. बऱ्याच इतर गाड्यांत इंजिन चालू ठेवून बघतात, होंडात बंद करून. या एका फरकामुळे कित्येक होंडा गाड्या तेल जास्त भरून फिरतात. तेल जास्त झालं की फिरते गिअर ते घुसळतात, फेस होतो, फेसात दाब टिकत नाही, आणि लक्षणं नेमकी तेल कमी असल्यासारखी दिसतात. मग माणूस आणखी भरतो.

एका वेळी २.४ लिटर, आणि आत एकूण सहाच्या आसपास. म्हणजे एका बदलात साधारण ४० टक्के नवं तेल. दुसऱ्यानंतर ६४, तिसऱ्यानंतर ७८ टक्के. चौथ्याने ८७ होईल, पण तिथून पुढे पैशाच्या मानाने हाती फार लागत नाही. दोन बदलांमध्ये ३०० ते ४०० किमी चालवा, त्यात घाट, गाव, हायवे सगळं येऊ द्या, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकलेलं जुनं तेल मिसळून बाहेर येईल. दर वेळी निघालेल्या तेलाचा थेंब त्याच कागदावर शेजारी टाकत जा. तीन थेंबांत रंग कसा उतरत गेला ते दिसतं.

मशिनने फ्लश का नको? इतकी वर्षं न बदललेल्या गिअरबॉक्समध्ये कोपऱ्याकोपऱ्यात गाळ बसलेला असतो. दाबाने किंवा क्लीनर घालून तो एकदम सुटला की सोलेनॉइडच्या बारीक जाळ्यांत आणि व्हॉल्व्हच्या खाचांत जाऊन बसतो. तुमच्या होंडात आतली मुख्य जाळी गिअरबॉक्स उघडल्याशिवाय हाती येत नाही, त्यामुळे सुटलेला गाळ बाहेर काढायची सोयच नाही. ज्या गाड्यांना खाली चेंबर आहे, तिथे चेंबर उतरवून फिल्टर आणि गॅस्केट बदलणं, चुंबकं पुसणं, हे फ्लशपेक्षा शंभर पटींनी कामाचं. ‘तेल बदललं आणि गिअरबॉक्स गेला’ अशा ज्या गोष्टी ऐकू येतात, त्यात पुष्कळदा गिअरबॉक्स आधीच घसरत असतो, म्हणूनच माणूस तेल बदलायला गेलेला असतो.

उष्णतेचं वेगळं सांगायला हवं, कारण पुस्तकातले अंतराचे आकडे आपला मे महिना बघून लिहिलेले नाहीत. तेलाचं तापमान दर दहा-अकरा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं, हा ढोबळ हिशेब. कन्नड घाटात ट्रकांच्या रांगेत पाच-दहाच्या वेगाने चढताना कन्व्हर्टर सतत घसरत असतो, लॉकअप लागत नाही, समोरून वारा नाही, आणि बाहेर ४३-४४ अंश. तिथे डी सोडून खालच्या रेंजला या, गिअरचं वरखाली थांबेल. रांग थांबलीच तर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नका, ब्रेक लावा. कोंडाईबारी किंवा तोरणमाळच्या रस्त्यालाही तेच. या सगळ्यामुळे आपल्याकडच्या जुन्या ऑटोमॅटिकला मी ४०,००० किमी किंवा दोन-तीन वर्षं, जे आधी येईल ते धरतो, आणि त्या वेळी एकच बदल पुरतो. ‘लाइफटाइम फ्लुइड’ लिहिलेल्या गाड्यांबद्दल एवढंच, की झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किमीला तेल बदला असं सांगते.

गेज नसलेल्या गाड्यांना उन्हाळ्याचा आणखी एक फटका. झेडएफच्या सहा गिअरच्या गिअरबॉक्सची पातळी इंजिन चालू ठेवून, तेल ३० ते ५० अंशांमध्ये असताना, बाजूच्या प्लगमधून बघायची असते. सहा लिटर तेल ३० अंशांवरून ९० अंशांवर गेलं की पाव लिटरहून अधिक फुगतं, म्हणून ही मर्यादा. जळगावात मे महिन्यात दुपारी उन्हात उभ्या गाडीचं तेल आधीच ४५ला असतं, प्लग उघडेपर्यंत ५० ओलांडतं, फुगलेलं तेल बाहेर सांडतं आणि गाडी कमी तेल घेऊन घरी जाते. हे काम सकाळी सातला, रात्रभर सावलीत उभ्या राहिलेल्या गाडीवर, स्कॅनरवर तापमान बघत करायचं.

राहिला तुमचा झटका. तो थंड असताना नाही आणि घाटात गरम झाल्यावरच येतो, असं असेल तर तेलाचा वाटा मोठा असण्याची शक्यता आहे आणि दुसऱ्या बदलानंतर फरक कळायला हवा. थंड-गरम दोन्ही वेळा सारखाच बसत असेल, तर आधी इंजिन-गिअरबॉक्सचे माउंट (त्यांना धरून ठेवणारे रबरी आधार) बघा. ब्रेक दाबून डी आणि आर असं बदलताना बॉनेट उघडं ठेवून दुसऱ्याला इंजिन बघायला सांगा. ते उडी मारल्यासारखं हललं तर माउंट गेलंय, गिअरबॉक्स बिचारा निर्दोष आहे. सव्वा लाख किमीला हे अगदी नेहमीचं. माउंट ठीक असतील तर क्लच प्रेशर स्विच आणि शिफ्ट सोलेनॉइड, दोन्ही बाहेरून बदलता येतात. सोलेनॉइड काढलाच तर त्याखालची जाळी बघा, त्यावर काळा चिखल असेल तर झटक्याचं कारण तिथेच सापडलं. तिसऱ्या बदलानंतर हजार किमी चालवूनही दुसऱ्या-तिसऱ्याचा झटका तसाच राहिला, तर चौथा डबा आणू नका. लाइन प्रेशरचा गेज लावून गरम गिअरबॉक्सचा दाब मोजून घ्या आणि तो आकडा, तिन्ही थेंबांचा कागद आणि ड्रेन प्लगच्या चुंबकाचा फोटो पाठवा.